सतरंजी एक की दोन?

मैत्रिणींनो, शिबिर घ्यायचं ठरलं की आपण आधी हॉल शोधतो, मग वक्ते, मग जेवणाचं. शिबिर कशासाठी हा प्रश्न पत्रिका छापून झाल्यावर आठवतो. हे मी माझंच सांगते आहे.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यावर आम्ही तालुक्याला शिबिर घेतलं. गावातल्या बायका, आमच्या कार्यकर्त्या, संरक्षण अधिकारी, पोलीस, अंगणवाडी सेविका, सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवलं. समानता म्हणून! दुपारी एका बाईनं धीर करून घरची मारहाण सांगितली. संध्याकाळी ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. पुढचे आठ दिवस ती आमच्या एका कार्यकर्तीकडे राहिली. बातमी कुणी नेली ते कळलं नाही. पण तिला तिथे बोलायला बसवलं आम्हीच होतं.

तेव्हापासून आम्ही दोन दिवस धरतो. पहिला फक्त बायकांचा. अनुभव बोलायचे ते तिथेच. त्यातले प्रश्न नावगाव काढून फळ्यावर लिहायचे. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांसमोर जातात ते प्रश्न. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत द्यावी असं कायदा म्हणतो, आपल्या कोर्टात किती दिवस लागतात? कौटुंबिक घटना अहवाल कुठे बसून भरतात, तिथे आडोसा आहे का? संरक्षण अधिकारी, मोफत कायदेशीर मदत यांची माहिती बाईला देणं कलम ५ प्रमाणे पोलिसांचंही काम आहे, ठाण्यात ती कोण देतं?

हे प्रश्न अधिकाऱ्यांना आठवडाभर आधी नेऊन द्यावेत. काही जणींना हे पटत नाही, त्यांना वाटतं आपण त्यांना सावध करतो. करू दे की सावध. तयारीनं आलेल्या माणसाला “बघून सांगतो” म्हणून सुटता येत नाही.

बाकी नेहमीचंच: सुगीचे दिवस टाळा, मजुरी बुडते. पोरं सांभाळायला दोघी वेगळ्या ठेवा. शेवटच्या एस.टी.ची वेळ विचारूनच समारोप ठरवा.

आणि सगळे गेल्यावर कार्यकर्त्यांनी तासभर थांबायचं. कुणी काय कबूल केलं, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्या तारखेला कचेरीत आपल्यातली कोण जाणार, हे कागदावर उतरवायचं. हे जाण्याचं काम आम्ही नेहमी नव्या मुलींवर ढकलतो. या खेपेला कागदावर माझं नाव आहे.