कोठडीतला मृत्यू आणि खटल्याची परवानगी



परभणी म्हटलं की आज सोमनाथ सूर्यवंशी आठवतो. कायद्याचा विद्यार्थी, डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत गेला. गुन्हा नोंदवा, हा हायकोर्टाचा आदेश जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम ठेवला. पुढे काय, असं मंडळी विचारतात. म्हणून त्याच परभणीच्या ख्वाजा युनूसचं सांगतो.

वय २७, इंजिनिअर. घाटकोपर बॉम्बस्फोटात डिसेंबर २००२ मध्ये धरला. जानेवारीत पोलीस म्हणाले, जीपला अपघात झाला नि तो पळाला. सहआरोपीने कोर्टात सांगितलं, त्याला उघडा करून पट्ट्याने मारलं, रक्ताची उलटी झाली. प्रेत सापडलंच नाही. त्याचे सहआरोपी मात्र २००५ मध्ये निर्दोष सुटले!

तपासात चौदा पोलिसांवर ठपका आला. पण सरकारी नोकरावर खटल्याला सरकारची परवानगी लागते. ती चौघांपुरतीच मिळाली. साक्षी सुरू व्हायला २०१८ उजाडलं. साक्षीदाराने आणखी चौघांची नावं घेतली, विशेष सरकारी वकिलांनी त्यांनाही आरोपी करा म्हटलं, तर वकिलांनाच काढलं. आरोपी सचिन वाझे २०२० मध्ये पुन्हा नोकरीवर आले, तेव्हा कुठे ओरड झाली.

काही म्हणतात, अशा खटल्यांनी पोलिसांचं मनोधैर्य खचतं. अहो, दोषी कोण हे कोर्ट ठरवील. पण कोर्टात कोणी उभं राहायचं, हे त्यांच्याच मालकाने का ठरवावं?

आपल्या हातात एवढं आहे : १९९६ च्या डी. के. बसू निकालाप्रमाणे अटकेच्या मेमोवर घरच्याची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठिताची सही, नि दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी. पोरगं उचलून नेलं, तर पहिल्याच दिवशी हे मागा.