सातबाऱ्यात न मावणारे मरण

वृद्धांच्या आत्महत्येवरची परिषद यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या बोरी अरब गावात भरते आहे, हे योग्यच झाले. आत्महत्या म्हटली की इथे कर्ज, नापिकी आणि सातबारा पाहिला जातो. सरकारी मदतीची पात्रताही त्यावरच ठरते. पण गेलेला माणूस सत्तरीचा होता, बायको वारल्यापासून जेवत नव्हता, दुखण्याने रात्रभर जागा असायचा, ‘आता माझा भार कशाला’ असे म्हणायचा, याची नोंद कोण घेते? माझे म्हणणे असे, की हे मरण बहुतेकदा आधी ओळखता येते, आणि ते ओळखू शकणारी माणसे गावातच आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014 च्या अहवालानुसार जगाच्या जवळजवळ सर्व भागांत आत्महत्येचे प्रमाण सत्तरी ओलांडलेल्यांत सर्वाधिक आहे. वृद्धांचे प्रयत्न तरुणांपेक्षा कमी असतात, पण त्यातून वाचणारेही कमी. म्हणून नंतर धावाधाव करून भागत नाही, आधीच पोचावे लागते. ‘खिशात पैसा नसताना समुपदेशन काय कामाचे?’ असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. श्रावणबाळ योजनेचे पैसे वेळेवर मिळणे हाही प्रतिबंधच आहे. तरी शेजारच्या अमरावती जिल्ह्याचा अनुभव पाहा. तिथल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला आणि धीर द्यायला शिकवले. दीड वर्षात मदतीपर्यंत पोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले, आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. हे आकडे सर्व प्रौढांचे आहेत आणि तुलनेला वेगळी गावे नव्हती, म्हणून सगळे श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. पण कर्जमाफीची वाट न पाहताही काही करता येते, एवढे त्यातून नक्की दिसते. जपानमधल्या मात्सुनोयामा या ग्रामीण भागात वृद्धांची नैराश्यासाठी तपासणी आणि पाठपुरावा सुरू झाल्यावर आत्महत्या घटल्या. इटलीत वृद्धांना नियमित फोन करण्याच्या उपक्रमाचा लाभ मात्र प्रामुख्याने स्त्रियांना झाला. गप्प बसणाऱ्या पुरुषांपर्यंत कसे पोचायचे, हा इथल्या चर्चेतला सर्वांत अवघड प्रश्न ठरेल.

‘मरणाचे विचार येतात का?’ असे विचारले तर भलतेच डोक्यात भरेल, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही; उलट विचारल्याने मन मोकळे होते. म्हातारपणी स्वतःहून मरण पत्करण्यात गैर काय, असे म्हणत काही जण विनोबा भावे यांच्या 1982 च्या पवनारमधील प्रायोपवेशनाचा दाखला देतील. त्या निर्णयाबद्दल काहीही मत असो, उपचाराविना राहिलेल्या नैराश्यातून आलेल्या मरणाला त्याचा आधार देता येणार नाही. नैराश्याला औषध आहे, दुखण्याला आहे, एकटेपणाला माणसे आहेत.

आणि आत्महत्येचे साधन ठरणारे कीटकनाशक. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली; 1995 नंतरच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटले. कापसाच्या या पट्ट्यात घराघरांतली फवारणीची औषधे कुलपाआड कशी जातील, आशाताईंच्या घरभेटीत म्हाताऱ्या माणसाची विचारपूस कशी बसेल आणि 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक प्रत्येक घरी कसा पोचेल, यावर आज ठराव व्हावेत, अशी स्वागत समितीची विनंती आहे.