ताबा कुणाचा, जबाबदारी कुणाची



मराठीतच बोला, असा संयोजकांचा आग्रह आहे. येवल्याच्या तात्या टोप्यांचं नाव मिरवणाऱ्या टी.टी. नगरात, जवाहर चौकात उभं राहून मराठीत बोलायला कुणाला नको वाटेल? मागच्या रांगेतल्या हिंदीभाषक मित्रांना एखादी गोष्ट अडली, तर त्यांनी बेधडक हात वर करावा.

मघाशी चहाच्या वेळी एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, "सर, मल्टिनॅशनलमध्ये नोकरी करतात हे माहीत आहे. मल्टिनॅशनलवर पीएच.डी. करतात म्हणजे नेमकं काय करतात?" भाषणाचा विषय मी दुसराच ठरवून आलो होतो. तो आता राहू द्या.

पहिलं उत्तर रोखठोक देतो. आपल्याकडे बऱ्याचदा करतात ते असं : 'अमुक-तमुकचा अभ्यास, विशेष संदर्भ भोपाळ विभाग' असं शीर्षक ठरवायचं, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच खाने पाडलेली प्रश्नावली बनवायची, ती व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या मॅनेजर लोकांना धाडायची, आणि आलेले आकडे संगणकात टाकून जे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं ते सिद्ध करायचं. असे सिनॉप्सिस माझ्या टेबलावर ढिगानं येतात. त्यांवर पदवी मिळते. पण प्रश्न कुठे असतो त्यात?

दुसरं उत्तर सांगायला एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल. स्टीफन हायमर नावाचा कॅनडाचा एक तरुण अमेरिकेतल्या एमआयटीत शिकत होता. 1960 साली त्यानं प्रबंध दिला. एखादी कंपनी परक्या देशात जाऊन कारखाना का काढते, असा त्याचा साधा प्रश्न होता. तिला तिथली भाषा येत नाही, कायदे माहीत नाहीत, बाजार ओळखीचा नाही. नुसतं व्याज किंवा लाभांश हवा असेल तर तिथल्या कंपन्यांचे शेअर घेऊन घरी बसता येतं की! हायमरनं उत्तर दिलं : कंपनी जाते ती ताबा ठेवायला. आपल्याकडचं तंत्र, नाव, बाजारातलं वर्चस्व दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून. शेअर घेणारा पैसे गुंतवतो. कारखाना काढणारा सूत्रं हातात ठेवतो. दोन्हींत फरक आहे तो या ताब्याचा. हा प्रबंध पुस्तकरूपानं आला 1976 मध्ये, हायमर अपघातात गेल्यानंतर. आज या विषयाचा पाया म्हणून तोच शिकवतात.

तर 'ताबा' हा शब्द लक्षात ठेवा आणि आता आपल्या गावात, भोपाळमध्ये या.

जेपी नगरसमोर गंजत उभा असलेला तो कारखाना तुम्ही सगळ्यांनी बाहेरून तरी पाहिला असेल. युनियन कार्बाइड इंडिया ही भारतीय कंपनी होती, तिचे 50.9 टक्के शेअर अमेरिकन युनियन कार्बाइडकडे होते. हा आकडा सहज आलेला नाही. 1973 च्या फेरा कायद्यानं, म्हणजे परकीय चलन नियमन कायद्यानं, परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा 40 टक्क्यांवर आणायला सांगितलं. कोका-कोला आणि आयबीएमनं त्यापेक्षा गाशा गुंडाळणं पसंत केलं. कार्बाइडला सवलत मिळाली, कारण ती प्रगत तंत्रज्ञान आणणारी कंपनी मानली गेली. म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा राखण्यासाठीच ही सगळी खटपट झाली. हायमरच्या भाषेत सांगायचं तर ताब्यासाठी.

2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री त्या कारखान्यातून विषारी वायू गळून काय झालं हे भोपाळमध्ये उभं राहून मी सांगायचं कारण नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात ते सांगणारी माणसं आहेत. तळ्यांच्या अलीकडच्या या नव्या भागाला त्या मानानं झळ कमी लागली, जुन्या शहरातल्या बहुतेक वॉर्डांवर ती रात्र कोसळली, एवढंच म्हणतो. माझा विषय त्यानंतरचा आहे.

पुढे खटला अमेरिकेत उभा राहिला. भारत सरकारचं म्हणणं असं की बहुराष्ट्रीय कंपनी ही एकच आहे. डॅनबरीचं मुख्यालय, हाँगकाँगचं विभागीय कार्यालय, इथली भारतीय कंपनी हे एकाच शरीराचे अवयव. कंपनीचं म्हणणं असं की भोपाळचा कारखाना भारतीय कंपनीचा, चालवणारे भारतीय, रोजचे निर्णयही त्यांचेच. आमचा संबंध भागधारक म्हणून. बघा, गंमत बघा. ज्या ताब्यासाठी कंपनी परदेशात जाते असं पाठ्यपुस्तक सांगतं, तो ताबा आमच्याकडे नव्हताच, असं कंपनी शपथेवर सांगते! आणि दुसरी गंमत तर मराठी नाटकात शोभेल अशी आहे. भारतीय न्यायालयांना हा खटला पेलणार नाही, असं भारत सरकार अमेरिकेच्या न्यायालयाला सांगत होतं, आणि भारतीय न्यायालयं अगदी समर्थ आहेत, अशी ग्वाही कार्बाइडच्या बाजूनं मुंबईचे वकील नानी पालखीवाला देत होते. न्यायाधीश जॉन कीनन यांनी मे 1986 मध्ये पालखीवालांचं म्हणणं उचलून धरलं आणि खटला भारतात पाठवला.

तो आला भोपाळच्या जिल्हा न्यायालयात. न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी डिसेंबर 1987 मध्ये 350 कोटींची अंतरिम भरपाई द्यायचा हुकूम केला. कंपनी जबलपूरला उच्च न्यायालयात गेली. तिथे एप्रिल 1988 मध्ये रक्कम 250 कोटींवर आली; पण त्या निकालात न्यायमूर्ती एस. के. सेठ यांनी कंपनीचा कायदेशीर पडदा बाजूला सारून सांगितलं की भारतीय कंपनीवर खरा ताबा अमेरिकन कंपनीचाच होता. मला हा निकाल व्यवस्थापनशास्त्राच्या अनेक जाडजूड ग्रंथांपेक्षा मोलाचा वाटतो. पण प्रकरण तिथे टिकलं नाही. फेब्रुवारी 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि ताबा कुणाचा हा प्रश्न अंतिम उत्तराशिवाय मिटवला गेला. भरपाई वाढवून मागणारी सरकारची शेवटची याचिका मार्च 2023 मध्ये फेटाळली गेली.

फौजदारी बाजूही बघा. 7 डिसेंबर 1984 ला अमेरिकन कंपनीचे अध्यक्ष वॉरेन अँडरसन भोपाळला आले. भारतीय कंपनीचे अध्यक्ष केशुब महिंद्रा आणि व्यवस्थापकीय संचालक विजय गोखले सोबत होते. तिघांनाही अटक झाली. अँडरसन त्याच दिवशी जामिनावर सुटले, देशाबाहेर गेले आणि खटल्याला कधीच उभे राहिले नाहीत. जून 2010 मध्ये दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली ती महिंद्रा, गोखले धरून सात भारतीय अधिकाऱ्यांना, आणि तेही लगेच जामिनावर सुटले. कंपनीच्या तक्त्यात ताब्याच्या रेषा वरून खाली येतात. जबाबदारी मात्र वर चढताना अर्ध्या जिन्यात दमली.

आता कुणी म्हणेल, हा तर कायद्याचा विषय झाला. नाही. कायद्यानं जिथे हात टेकले तिथे व्यवस्थापनाच्या संशोधकाचं काम सुरू होतं. ताबा हा शेअरच्या टक्क्यांत मोजायचा, की खर्चाला मंजुरी कोण देतो त्यावर? की कुणाला काय माहीत होतं त्यावर? मे 1982 मध्ये अमेरिकन मुख्यालयाकडून तपासणी पथक भोपाळला आलं होतं. त्यानं सुरक्षेतल्या त्रुटी लिहून दिल्या, पुढे दुरुस्तीच्या प्रगतीचे अहवाल इथून तिकडे जात राहिले. मग 1984 च्या डिसेंबरात एमआयसीची, म्हणजे मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाची, टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद कशी? गळणारा वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप काढून ठेवलेला कसा? कारखाना तोट्यात होता, माणसं कमी केली होती, एमआयसी विभागात पाळीला असणारे चालक निम्म्यावर आले होते. ही काटकसर भोपाळनं ठरवली, मुंबईनं, हाँगकाँगनं की डॅनबरीनं? आणि एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. सप्टेंबर 1984 मध्ये कार्बाइडच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट गावच्या कारखान्यात, त्यांच्या एमआयसी टाक्यांत अनियंत्रित अभिक्रिया होऊ शकते, असा अंतर्गत इशारा लिहिला गेला. तो भोपाळला धाडला गेला नव्हता. तेच रसायन, एकाच कंपनीची दोन गावं. भोपाळचे काही कर्मचारी त्याच इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षण घेऊन आले होते! आमच्या विषयात मुख्यालय आणि उपकंपनीमध्ये ज्ञान कसं वाहतं यावर शेकड्यांनी शोधनिबंध आहेत. ते का वाहत नाही, हे भोपाळइतकं स्पष्ट कुठे दिसणार?

याच शहरात 1982 साली राजकुमार केसवानी नावाचा तरुण पत्रकार 'रपट' या आपल्या छोट्या साप्ताहिकात लिहीत होता की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय. हिंदीत. म्हणजे माहिती होती. ती मुख्यालयाला वाचता येईल अशा भाषेत आणि कागदावर नव्हती, एवढंच.

या सगळ्याचा पीएच.डी.शी काय संबंध, असं त्या विद्यार्थिनीला अजूनही वाटत असेल, तर दोन माणसं सांगतो. सी. के. प्रल्हाद यांचं नाव तुमच्या पुस्तकात असेल. मद्रासच्या लॉयोला कॉलेजातून भौतिकशास्त्र करून एकोणिसाव्या वर्षी हा मुलगा नोकरीला लागला तो युनियन कार्बाइडच्या बॅटरी कारखान्यात. तिथल्या चार वर्षांनी आपल्याला घडवलं असं ते पुढे सांगत. मग अहमदाबादचं आयआयएम, मग हार्वर्डची डॉक्टरेट, आणि 1987 साली इव्ह डोझ यांच्याबरोबर बहुराष्ट्रीय कंपन्यांवरचं गाजलेलं पुस्तक, ज्याचा गाभाच जागतिक दृष्टी आणि स्थानिक गरजा यांची सांगड हा. दुसरे पॉल श्रीवास्तव. भोपाळच्याच मौलाना आझाद कॉलेजात, आताच्या मॅनिटमध्ये, इंजिनियर झाले, कोलकात्याच्या आयआयएममधून पिट्सबर्गला जाऊन पीएच.डी. केली, आणि 1984 मध्ये न्यूयॉर्कला शिकवत असताना आपल्या शहराची बातमी ऐकली. त्यांचं भोपाळवरचं पुस्तक आलं तेही 1987 मध्येच. एकाच वर्षी दोन पुस्तकं. पहिलं जगभरच्या व्यवस्थापन शाळांत पाठ्यपुस्तकासारखं वाचलं गेलं. दुसरं 'आपत्ती व्यवस्थापन' नावाच्या वेगळ्या कपाटात गेलं. मला विचाराल तर ती दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून वाचल्याशिवाय या विषयात कुणाला डॉक्टर म्हणू नये.

आणि हा जुन्या काळचा कढ नाही. आता मुख्यालयं आपल्याकडेही आहेत. पुण्याच्या भारत फोर्जनं जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस घेतली त्याला वीस वर्षं होऊन गेली. टाटांनी 2008 मध्ये जग्वार-लँड रोव्हर घेतली. त्या कारखान्यांत काही बिनसलं तर ताबा कुणाचा म्हणून आपण सांगणार? तिथल्या कामगाराची भाषा पुण्यात कोण वाचतं? हे प्रश्न विचारायला भोपाळच्या मुलांइतकं कुणी लायक नाही.

व्यवहाराचंही सांगतो, नाहीतर पालक रागावतील. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी मिळवली तर थेट पीएच.डी.चा मार्ग खुला आहे. दिल्लीच्या आयआयएफटीत आणि आयआयएममध्ये हा विषय घेऊन संशोधन करता येतं. इंदूरचं आयआयएम तर हाकेवर. नेट, जेआरएफ मिळाली तर घरून पैसे मागावे लागत नाहीत. बाकी तपशील तुमचे सर सांगतील, त्यांना माझ्यापेक्षा ताजे ठाऊक असतात.

पण प्रवेशापेक्षा सामग्री महत्त्वाची, आणि ती तुमच्याकडे आहे. कीनन, सेठ यांचे निकाल वाचायला मिळतात. भरपाईच्या दाव्यांमागे अख्ख्या शहराची माणसं आहेत. आणि त्या कारखान्यात पाळीवर उभे राहिलेले जे अजून आहेत, ते हिंदी-उर्दूत बोलतात. हार्वर्डच्या संशोधकाला दुभाषा लागेल, तुम्हाला नाही. एमआयसी विभागात तरुणपणी लागलेला माणूस आज साठी-सत्तरीत आहे. त्याला विचारायला पीएच.डी.ची नोंदणी होईपर्यंत थांबू नका. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी अशा एका माणसाकडे जा. सुट्ट्या भागाची ऑर्डर द्यायची तर सही कुणाची लागायची, नाही कोण म्हणायचं आणि ते कुठून यायचं, एवढंच नीट विचारून लिहून काढा. प्राचार्य मॅडमकडे माझा पत्ता आहे. पाठवलंत तर मी वाचीन, लाल पेनानं खुणा करून परत धाडीन, आणि त्यातला एक तरी प्रश्न प्रबंधाचा निघेल असं मला वाटतं.