देवांचा सातबारा



आज कीर्तन नाही. दिंडीला शंभर वर्षं झाली, चार शब्द बोला, असं मंडळींनी सांगितलं म्हणून उभा राहिलो. माझी शाळा चौथीपर्यंत. बाकीचं शिकणं शेतात आणि वारीच्या वाटेवर झालं. चूकभूल पदरात घ्यावी.

परवा एका पोरानं मला पारावर गाठलं. म्हणला, "बुवा, घराला राखायला खंडोबा आणि तुळजाभवानी. गावाला मारुती. शेताला म्हसोबा, विहिरीला साती आसरा. आणि तुम्ही म्हणता सगळं पांडुरंगच करतो. एका कामाला इतके देव कशाला? त्यांची भांडणं होत नाहीत का?" पोरगं हसत बोललं, पण प्रश्न खरा आहे. ह्याच प्रश्नापायी मी एकदा आईचं मन मोडलं होतं. ते आज सांगतो.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गळ्यात नवी माळ पडलेली. नवा वारकरी म्हणजे नवा बैल, दावं तोडूनच पळतो. आमच्या विहिरीवर कोनाड्यात आसरांचे सात खडे होते. आई त्यांना हळदीकुंकू वाहायची, दहीभात ठेवायची. मी ते खडे उचलले आणि बांधाच्या पल्याड टाकले. म्हणलं, "एक पांडुरंग असताना हे कशाला?" आई रागावली नाही. एवढंच म्हणली, "तुजा पांडुरंग पंढरीला हाय बाबा. पहाटं अंधारात हिरीवर पाणी शेंदताना मी एकटी आसते. तवा माज्याजवळ कोण आसतं?" मला उत्तर आलं नाही. त्या वर्षी आई वारीला आली नाही.

हे आमच्या दिंडीच्या जुन्या विणेकऱ्यांच्या कानावर गेलं. ज्वारीची रास पडली होती तेव्हा ते खळ्यावर आले. रास बघून म्हणाले, "कुणी पिकवली रे?" मी म्हणलं, "मी."

"तिफण कुणी केली?"

"सुतारानं."

"फाळ कुणी शेवटला?"

"लोहारानं."

"बैलाचा नाडा कुणी वळला?"

"मातंगानं."

"मग ह्या राशीतले सुताराचे दाणे कोणते, लोहाराचे कोणते, तेवढे वेगळे काढून दाखव."

मी गप्प. ते म्हणाले, "माणसाच्या कामाची वाटणी तुला एका राशीत दाखवता येईना, आणि देवाचा सातबारा काढायला निघालास!"

माउलीहो, बलुत्याची रीत काही सगळी गोड नव्हती. राबणाऱ्याला दाराबाहेर उभं करायची. पण त्या दिवशी एक गोष्ट कळली. एका राशीत सगळ्यांचा हात पुरा असतो. सुतारानं पाव रास पिकवली आणि लोहारानं पाव, असं होत नाही. तिफण नसती तर सगळीच रास नाही. फाळ नसता तरी सगळीच नाही. जमीन वाटली की प्रत्येकाला कमी येते, कामाचं तसं नाही.

पुढं एका शास्त्रीबुवांकडून ऐकलं की वेदातसुद्धा एका पावसाला कितीतरी देव आहेत. इंद्र अडवलेलं पाणी मोकळं करतो. मरुत म्हणजे वारे, ते गर्जत येतात. पर्जन्य बरसतो आणि झाडपाला उगवतो. वरुण पाण्यांचा धनी. म्हणून पाऊस काही चार पडत नाहीत. पाऊस एकच, त्याला हाका चार बाजूंनी.

आणि आपल्या पंथात बघा. देव आपला विठ्ठल, पण गुरुपरंपरा सुरू होते आदिनाथापासून, म्हणजे शंकरापासून. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वराच्या गावात. ज्ञानोबारायांनी १२९६ साली समाधी घेतली ती आळंदीत सिद्धेश्वराच्या शेजारी. आणि आपला पांडुरंग तर डोक्यावर शिवलिंग घेऊन उभा आहे, असं आपण मानतो. धन्यानंच दुसऱ्याला डोक्यावर घेतलं, तिथं आपण हद्द कुणाची मोजायची?

नरहरी सोनारांची कथा तुम्हाला पाठ आहे. विठ्ठलाचं तोंड बघायचं नाही म्हणून न बघताच करगोटा केला. एकदा सैल, एकदा आखूड. माप का चुकलं? सोनार कच्चा होता म्हणून नाही. जवळ गेला नाही म्हणून चुकलं. माझंही तेच झालं. आई ज्या अंधारात पाणी शेंदायची, तिथं मी कधी जाऊन उभा राहिलो नव्हतो.

मग निष्ठा कुठं राहिली, असं कुणी विचारील. निष्ठा आहेच. मी माळकरी. म्हसोबाला नारळ फोडतो, कोंबडं कापत नाही, भाऊबंदांनी कितीही म्हणलं तरी नाही. माझी एकादशी पांडुरंगाची. पण लेकरू आईच्या कडेवर बसलं म्हणून मावशीला दगड मारत नाही. कुणी म्हणतात देव अनेक आहेत आणि एकोप्यानं राबतात. आपण वारकरी म्हणतो, एकच सगळ्यांत भरून आहे. आमची विहीर सामाईक. कागदावर चार भावांची नावं, चार पाट, चार पाळ्या. पण झरा कुणाच्या नावचा? भांडण होतं ते पाळीवरून, आणि ते माणसांचं होतं. झरा कधी भांडलेला मी पाहिला नाही.

रास घरात आली त्याच आठवड्यात मी बांधाच्या पल्याड जाऊन खडे शोधले. पाचच सापडले. दोन ओढ्यातून आणले. आईनं सातही धुतले आणि जागेवर मांडले. जुने कोणते, नवे कोणते, विचारलं नाही.

पुढच्या आषाढीला आई वारीला आली. चंद्रभागेत उतरली, पदराची गाठ सोडून हळदीकुंकू काढलं, पाण्यात सोडलं आणि हात जोडले. ते चंद्रभागेला होतं, आसरांना होतं की पांडुरंगाला, मीही विचारलं नाही.

नव्या माळकरी पोरांना माझं एवढंच मागणं आहे. माळ घाला, वारी करा, पण घरातल्या म्हातारीच्या कोनाड्याला हात लावू नका. आधी तिच्याबरोबर एकदा अंधारात विहिरीवर जा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!