पुढच्या वाफ्याचे पाणी



विधवेने पुन्हा संसार मांडावा की नाही, हा प्रश्न महाराष्ट्राने फार पूर्वी वादास घेतला आणि बऱ्याच अंशी निकालातही काढला. १८५६ साली कायद्याने संमती दिली, १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह करून त्या संमतीला स्वतःच्या आचरणाचे बळ दिले, आणि ज्या समाजांत पाट लावण्याची रूढी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती त्यांना तर कोणाच्या संमतीची प्रतीक्षाही करावी लागली नव्हती. म्हणून त्या प्रश्नाविषयी आज मला काही सांगावयाचे नाही. मला सांगावयाचे आहे ते विवाहाच्या दुसऱ्या दिवशी घरात उभ्या राहणाऱ्या प्रश्नाविषयी: पहिल्या पतीच्या पश्चात त्या स्त्रीला जे निवृत्तिवेतन मिळत होते त्याचे पुढे काय होते, आणि तिच्या मुलांच्या वाट्याचे काय होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते: तिचे वेतन बहुधा बंद होते. दुसऱ्याचे उत्तर मात्र, गेली कित्येक वर्षे आठवडे-बाजाराच्या दिवशी लोकांचे अर्ज लिहून देण्याच्या निमित्ताने मी पाहत आलो आहे, शंभरांतून पाच जणांनाही ठाऊक नसते; आणि या अज्ञानाचा दंड भरतात ती आठ-दहा वर्षांची पोरे.

ज्यांनी बागायतीत पाणी धरले आहे त्यांना ही गोष्ट चटकन उमजेल. पाटाने पाणी येते, एक वाफा भरतो, मग पाणी धरणारा माणूस फावड्याने त्या वाफ्याचे तोंड बुजवतो आणि पुढच्या वाफ्याचे दारे मोडतो. पहिल्या वाफ्याचे तोंड बुजले म्हणजे पाट आटला असे कोणी समजत नाही. पाणी वाहतच असते, ते पुढे न्यावे लागते एवढेच. परंतु तोंड बुजवणारा माणूस पुढचे दारे न मोडता बांधावर जाऊन बसला, तर तेच पाणी ओघळीला लागते आणि पुढचा वाफा डोळ्यांदेखत करपतो. आपल्याकडे पुनर्विवाहालाही पाट म्हणतात आणि पाण्याच्या वाटेलाही पाट म्हणतात. आईचा पाट लागला म्हणून बापाच्या कष्टाचा पाट आटत नाही, हेच मला आज सांगावयाचे आहे.

आता आकडे सांगतो, ते कृपा करून कागदावर टिपून घ्यावेत. भविष्यनिर्वाह निधीत ज्या कामगाराची वर्गणी जमा होत होती त्याच्या कुटुंबाला १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचा लाभ मिळतो. त्या योजनेत विधवेला वेतन मिळते ते तिच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत. तिच्या जोडीला एका वेळी दोन मुलांना, वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत, विधवेच्या वेतनाच्या चौथाईइतकी रक्कम प्रत्येकी मिळते. सप्टेंबर २०१४ पासून ठरलेल्या किमान दराने हिशेब मांडला, तर आईचे १,००० रुपये आणि मुलांचे प्रत्येकी २५० रुपये, मिळून १,५०० रुपये होतात. आईने दुसरा विवाह केला की तिचे हजार थांबतात. परंतु योजनेची तरतूद एवढ्यावर संपत नाही. विधवेचे वेतन देय नसेल तेव्हा मुले अनाथ वेतनास पात्र होतात, आणि तो दर चौथाईचा नसून पाऊणपट असतो. म्हणजे किमान दराने प्रत्येकी ७५० रुपये. दोन मुलांचे मिळून पुन्हा १,५०० रुपयेच झाले. नियम करणाऱ्याने जाणूनबुजून घरातील एक पैसाही कमी होऊ दिलेला नाही. आईच्या वाफ्याचे पाणी त्याने मुलांच्या वाफ्याकडे वळवून ठेवले आहे. एकच मूल असेल तर एकूण रक्कम कमी होते हे खरे, परंतु त्या एका मुलाचा वाटा तरी तिपटीने वाढतो.

मी पुन्हा सांगतो, कारण या ठिकाणी ऐकणाऱ्याचे लक्ष नेमके निसटते. आईचे थांबते, मुलांचे थांबत नाही, उलट वाढते. मात्र ते मागावे लागते.

सूतगिरणीतील एका कामगाराची तरुण विधवा, पदरी एक मुलगी आणि एक मुलगा, तिने वर्षा-दोन वर्षांनी दुसरे घर केले आणि मुले आजीपाशी ठेवली. बाई सरळ स्वभावाची. तिने आपला विवाह दप्तरी कळवला आणि तिचे वेतन रीतीप्रमाणे बंद झाले. मुलांचे अडीचशे मात्र अडीचशेच येत राहिले. कोणी विचारले नाही, कोणी सांगितले नाही. आजी माझ्याकडे आली होती ती शाळेच्या दाखल्यासाठी. बोलता बोलता हे निघाले. मी म्हटले, ‘‘आजी, मुलांचं वाढवून मिळतं.’’ त्यावर ती म्हातारी म्हणाली, ‘‘आईनं घर बदललं, तर पोरांचं कशाला वाढवतील, बाबा? चालू ठेवलंय हेच उपकार.’’ सुनेच्या लग्नाचा राग जसा भावकीला आला तसा तो सरकारलाही आला असेल आणि म्हणून गप्प बसलेले बरे, अशी तिची मनापासूनची समजूत होती. अर्ज गेला, मुलांच्या वयाचे दाखले जोडले, अल्पवयीन खात्याच्या पासबुकाची प्रत जोडली. काही महिन्यांनी साडेसातशे सुरू झाले. हा उपकार नाही, आजी. तुमच्या मुलाने गिरणीत उभे राहून कमावलेले आहे ते.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याच्या घरीही न्याय साधारण असाच आहे. विधवेच्या पुनर्विवाहानंतर कुटुंबनिवृत्तिवेतन पात्र मुलांकडे जाते, पंचविसाव्या वर्षापर्यंत, किंवा त्यापूर्वी मुलाचा विवाह वा स्वतःची कमाई सुरू होईपर्यंत. आणि ज्या विधवेला मूलच नाही तिचे वेतन पुनर्विवाहानंतरही, तिचे स्वतःचे उत्पन्न किमान कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या खाली असेल तोवर, चालू राहते. कामगार राज्य विम्यातील आश्रितांच्या लाभातही विधवेचा हिस्सा पुनर्विवाहापर्यंतच असला तरी मुलांचा हिस्सा त्याबरोबर बुडत नाही. दप्तरे निराळी, कलमे निराळी, पण पाण्याची वाट एकच.

आता थोडे कडक बोलावयाचे आहे, आणि ते मी आपुलकीनेच बोलतो. पुष्कळ ठिकाणी घरची वडील मंडळीच सल्ला देतात, की लग्न कर, पण नोंद करू नकोस. देवळात हार घाल, त्याच्या घरी राहावयास जा, आणि हयातीच्या दाखल्याबरोबर पुनर्विवाह न केल्याचे जे लिहून द्यावे लागते ते पूर्ववत लिहून देत जा. हा सल्ला हितचिंतकांच्या तोंडून येतो म्हणूनच अधिक घातक आहे. नोंद झाली नाही म्हणजे विवाह झाला नाही, असे कायदा म्हणत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाने वधू-वरांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे झालेला विधी विवाहच मानला आहे. पुढे केव्हातरी भावकीतून एक निनावी अर्ज जातो आणि इतक्या वर्षांची उचललेली रक्कम एकदम परत मागणारा तगादा दारात येतो.

परंतु वसुलीपेक्षाही मोठे नुकसान निराळेच आहे. जी स्त्री हजार रुपयांसाठी आपला दुसरा संसार दप्तरापासून लपवते, ती त्या संसारातील आपले स्थानही स्वतःच्या हाताने पुसून टाकत असते. दुसऱ्या पतीच्या कुटुंबाच्या यादीत तिचे नाव नसते, शिधापत्रिकेवर नसते, आणि तो उद्या गेला तर आपण त्याची पत्नी होतो हे सिद्ध करावयास तिच्यापाशी कागदाचा चिठोरा नसतो. विधीच झाला नाही, दोघे नुसतेच एकत्र राहिले, असे असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने अशाही स्त्रीला, संबंध विवाहसदृश असेल तर, आश्रय दिला आहे; पण विवाहसदृश कशाला म्हणावे याच्या ज्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितल्या त्यांतली पहिलीच अशी आहे, की त्या दोघांनी समाजात पतिपत्नीसारखे उघडपणे वावरले पाहिजे. म्हणजे वेतन वाचवण्यासाठी जे झाकावयाचे, संकटकाळी तेच उघड असल्याचे दाखवावयाचे. हे कोणत्या बाईला जमणार? आणि या साऱ्या लपवालपवीत मुलांचा वाढीव वाटा मागण्याचा मार्गही बंद होतो, कारण आईचे वेतन थांबल्याशिवाय तो वाटा उत्पन्नच होत नाही. पहिल्या वाफ्याचे तोंड उघडे ठेवले तर पुढचा भिजेल कसा?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून ज्या विधवांना दरमहा १,५०० रुपये मिळतात त्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे पुनर्विवाहाबरोबर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे की नाही हेही पाहतात, आणि मिळवता माणूस घरात आला की ते उत्पन्न सहसा त्या मर्यादेत राहत नाही. त्या अनुदानात मागे वळवावयास पाणी राहत नाही. तेव्हा नवा संसार मांडण्यापूर्वीच तहसील कार्यालयात विचारून, घरखर्चाचा हिशेब मांडून ठेवावा.

मला मिळालेला अवधी सरत आला आहे आणि मिळकतीविषयी सांगावयाचे राहूनच गेले. एवढेच ध्यानात ठेवा, की पतीच्या मृत्यूबरोबर वारसा म्हणून जो हिस्सा विधवेच्या नावे आला तो आज पुनर्विवाहाने जात नाही. १८५६ च्या कायद्याने एका हाताने संमती देऊन दुसऱ्या हाताने जे काढून घेतले होते ते आता कायद्यात उरलेले नाही. तलाठ्याकडे जाऊन कोणी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेत असेल तर… पण त्याला एक स्वतंत्र भाषण लागेल.

उरलेल्या अर्ध्या मिनिटात मी पुन्हा त्या वाफ्यापाशी येतो. ज्या घरात अशी मुले आहेत त्या घरातील आजीने, मामाने, किंवा दुसरीकडे नांदावयास गेलेल्या त्यांच्या आईने आज जेवणे आटोपल्यावर पेटी उघडावी आणि मुलांचे जन्मदाखले, बापाचा मृत्यूचा दाखला, वेतनाच्या आदेशाचा कागद हे एका ठिकाणी बांधून ठेवावे. आईच्या विवाहाची तारीख खरी लिहावी, आणि त्याच अर्जात, त्याच कागदावर, खाली एक ओळ अधिक लिहावी, की यापुढे मुलांना अनाथ दराने वेतन मिळावे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पाणी पाटात आहे. दारे तेवढे मोडावयाचे आहे.