उतारावरची गाडी

बेअरिंगची गाडी पुण्याच्या पेठांना अपरिचित नाहीं. गॅरेजांतून आणलेलीं जुनीं बेअरिंगें, एक फळी आणि एखादा उतार एवढें भांडवल मुलांना पुरे होतें. अमेरिकेंत डेटन येथील वृत्तपत्र-छायाचित्रकार मायरन स्कॉट यानें १९३३ सालीं असाच खेळ पाहिला आणि त्याची रीतसर शर्यत भरविली. १९३४ मध्यें ती राष्ट्रीय झाली. पुढें १९५३ च्या कॉर्व्हेट मोटारीला स्कॉटनेंच नांव सुचविलें. तिची काया कांचतंतूंच्या मिश्र पदार्थाची होती.

हलकी गाडी वेगानें धांवते, हा समज इंजिनाच्या गाडीपुरता खरा आहे. गुरुत्वाकर्षण जड व हलक्या वस्तूंचा वेग सारखाच वाढवितें. हवेचा विरोध मात्र आकारावर अवलंबून असतो. म्हणून एकाच आकाराच्या दोन गाड्यांत जड गाडीच पुढें जाते. याच कारणास्तव स्कॉटच्या शर्यतीच्या नियमांत गाडी व चालक यांच्या एकत्रित वजनाला कमाल मर्यादा असते.

मग हलकें साहित्य कशासाठीं? वजन हवें तेथें ठेवतां यावें यासाठीं. पोलाद पाण्याच्या सुमारें ७.८ पट जड, अॅल्युमिनियम २.७ पट, तर कार्बन-तंतूंचा मिश्र पदार्थ अवघा १.६ पट. सांगाड्यांत वाचलेलें वजन जमिनीलगत बसविलें, कीं गाडी वळणावर सहसा उलटत नाहीं. चाकें हलकीं असलीं, तर तीं फिरविण्यांत उताराची शक्ति कमी खर्च होते.

मिश्र पदार्थाचें मर्म बुरूड आळींतील कारागिरांच्या हातांत रोज असतें. बांबूंत लांब तंतु असतात व एक द्रव्य त्यांना जखडून ठेवतें. तो लांबीच्या दिशेनें चिवट असतो. पण कोयत्यानें उभा सहज चिरतो. म्हणूनच कार्बन-कापडाचे थर निरनिराळ्या दिशांनीं रचावे लागतात.

धोकाही येथेंच आहे. पोलाद वांकतें, म्हणजे इशारा देतें. कार्बनचा भाग बहुधा इशारा न देतां तुटतो. एखाद्या आघातानंतर बाहेरून धड दिसत असतांही त्याचे आंतले थर सुटलेले असूं शकतात. यास्तव काया कार्बनची केली, तरी ब्रेक, सुकाणू व आंस पोलादाचेच असावेत, आणि प्रत्येक धडकेनंतर काया ठोकून तिचा आवाज ऐकावा. बद्द आवाज आला, तर ती गाडी उतारावर नेऊं नये. कारण आंत कोणाचा तरी मुलगा बसणार असतो.