नोटीस कुठल्या भाषेत येते?

(इंदूरमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी मुलामुलींसमोर केलेलं हे बोलणं. थोडी काटछाट करून इथे देत आहे.)



सकाळी भंवरकुआं चौकात उतरलो, पोहे-जलेबी खाल्ली. पोहेवाल्याशी मी हिंदीत बोलत होतो, तो मात्र मला मराठीत उत्तर देत होता. म्हटलं, बरं झालं, आपल्याच गावात आलोय. मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. दोन वेळा यूपीएससीची मुख्य परीक्षा दिली, दोन्ही वेळा राहिली. आता मुलांना राज्यघटना शिकवतो. त्यामुळे आजचं हे बोलणं पास झालेल्या माणसाचं नाही, नापास झालेल्याचं आहे, आणि नापास माणसाला आपण नेमके कुठे चुकलो ते चांगलं ठाऊक असतं.

मी कुठे चुकलो ते आधी सांगतो. एका सराव परीक्षेत आंतरराज्य सीमावादावर प्रश्न होता. माझा तर घरचाच विषय! जोरात लिहिलं. १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे, दर १ नोव्हेंबरचा काळा दिवस, लाठीमार, सगळं. तपासणाऱ्याने शेवटी दोनच शब्द लिहिले होते: "कलम कुठे?" खूप राग आला होता. आज वाटतं, माणूस बरोबर होता. सीमाभागातला असूनही मला सीमाप्रश्न कायद्याच्या भाषेत सांगता येत नव्हता.

तुमच्यापासूनच सुरुवात करतो. तुम्ही म्हणाल, बेळगावचं भांडण आमच्या काय कामाचं? आम्ही एमपीपीएससीवाले, आमचा निकाल ८७-१३ मध्ये अडकलाय, तो आधी सोडवा. (हसताय, पण खरं आहे.) पण ज्या कायद्याने बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याच कायद्याने इंदूर आजच्या मध्य प्रदेशात आलं. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६. कलम ७ काढा: नवं म्हैसूर राज्य. त्यात बेळगाव जिल्हा आहे, चंदगड तालुका वगळून. कलम ९ काढा: नवा मध्य प्रदेश. त्यात मध्य भारत आहे, मंदसौर जिल्ह्यातल्या भानपुरा तहसिलीचा सुनेल टप्पा वगळून. भानपुरा म्हणजे जिथे यशवंतराव होळकरांची छत्री आहे, ते. सुनेल राजस्थानात गेलं आणि राजस्थानातलं सिरोंज इकडे आलं. १९४८ पासून मध्य भारताची उन्हाळी राजधानी इंदूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी भोपाळला गेली आणि तुमच्या वाट्याला लोकसेवा आयोग आला. म्हणून तर भंवरकुआंला खोली मिळत नाही.

म्हणजे "वगळून" हा एक शब्द. चंदगडच्या माणसाचा सातबारा त्या शब्दामुळे मराठीत राहिला. त्याच्या शेजारच्या गावातल्या माझ्या आजोबांचा राहिला नाही.

आता कलम ३. नवं राज्य करणं, सीमा बदलणं, नाव बदलणं, हे सगळं संसद साध्या बहुमताने करू शकते. राष्ट्रपतींची शिफारस लागते, संबंधित विधानसभेचं मत मागवावं लागतं, पण ते मत बंधनकारक नाही. यावरचा खटला आपल्याच माणसाचा आहे, बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य. झालं असं, की विधेयकात आधी महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई असे तीन वेगळे भाग होते. संसदेने ते बदलून एकच द्विभाषिक मुंबई राज्य केलं. पराते म्हणाले, बदललेल्या प्रस्तावावर विधानसभेला पुन्हा विचारलंच नाही. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पुन्हा विचारायची गरज नाही. परीक्षेत हा खटला लिहा. आणि मनात हेही ठेवा की सीमा आखताना तिथे राहणाऱ्या माणसाला विचारायची सक्ती आपल्या घटनेत कुठेच नाही.

मग सीमा कुठल्या तत्त्वावर आखायची? इथे पाटसकरांचं नाव येतं. आंध्र आणि मद्रास यांच्या वादात हरिभाऊ पाटसकर यांनी जे सूत्र लावलं त्यात खेडं हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या हे मुख्य होतं. त्यावरून १९५९ मध्ये कायदा झाला, तिरुत्तणी मद्रासकडे गेलं, काही भाग आंध्रकडे आला, आणि दोन राज्यांचं भांडण बऱ्यापैकी मिटलं. महाराष्ट्राची मागणी पहिल्यापासून हीच, की तेच सूत्र आम्हाला लावा. त्याऐवजी १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात त्यांनी २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं म्हैसूरला सुचवली आणि बेळगाव शहर म्हैसूरमध्येच ठेवलं. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. कर्नाटक आजही म्हणतं, महाजन अहवाल हाच शेवटचा शब्द. माझं मत काय, ते तुम्हाला माहीतच आहे. पण उत्तरपत्रिकेत दोन्ही बाजू लिहा, आणि कर्नाटकची बाजू अशी लिहा की ती वाचून कन्नड माणूसही म्हणेल, बरोबर मांडलीय. मला ते जमलं नव्हतं.

२००४ मध्ये महाराष्ट्र कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात गेला. कर्नाटकचा मुख्य मुद्दा असा, की सीमा ठरवणं हा कलम ३ प्रमाणे संसदेचा अधिकार आहे, न्यायालयाचा नाही. दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेलं मूल आज तुमच्या बाजूला बसून अभ्यास करत असेल. मध्ये डिसेंबर २०२२ आला. दोन्हीकडच्या गाड्या अडवल्या, काळं फासलं. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवलं. न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत कोणी दावे करू नयेत, दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री मिळून बोलतील, असं ठरलं. दोन आठवड्यांच्या आत दोन्ही विधानसभांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. महाराष्ट्राचा ठराव २७ डिसेंबरचा, ८६५ गावांचा.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती फारशी कोणी लिहीत नाही. १९५६ च्या त्याच कायद्याने विभागीय परिषदा निर्माण केल्या. कलम २१ बघा. परिषदेने चर्चा करायच्या विषयांत सीमावाद आहेत आणि भाषिक अल्पसंख्याकही आहेत, नाव घेऊन. पण महाराष्ट्र पश्चिम विभागीय परिषदेत आणि कर्नाटक दक्षिण विभागीय परिषदेत! दोन भावांचं भांडण, आणि पंचायत बसते ती दोन वेगळ्या गावांत. दोन परिषदांची संयुक्त बैठक घ्यायची सोय कायद्यात आहे, म्हणजे दार आहे, उघडायचं कोणी एवढाच प्रश्न. तुलनेला आसाम घ्या. आसाम-मेघालयने मार्च २०२२ मध्ये वादाच्या बारापैकी सहा जागांवर करार केला, आसाम-अरुणाचलने एप्रिल २०२३ मध्ये. तिथे गोळीबारात माणसं मेलेली असताना जर बोलणं होऊ शकतं, तर इथे का नाही, हा प्रश्न उत्तराच्या शेवटी विचारला तर चालतो.

बरं, आता ज्यासाठी आलो ते.

सीमा बदलेल न बदलेल. माझ्या वडिलांचा प्रश्न सीमेचा नव्हताच. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका कचेरीतून घरी नोटीस आली. छापील कन्नड. वडील मराठी सातवी पास. अक्षर ओळखेना, शिक्का बघून त्यांना वाटलं, घरफाळ्याचं काहीतरी असेल. देवाच्या फोटोमागे ठेवून दिली. मी तेव्हा पुण्यात "कलम कुठे" शिकत होतो. दिवाळीला घरी आलो तेव्हा कळलं, जमिनीच्या फेरफारावर हरकत घ्यायची ती नोटीस होती. मुदत संपली होती. वीस गुंठ्यांसाठी पुढची तीन वर्षं हेलपाटे घातले. निम्मी जमीन सुटली, निम्मी गेली. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. कारकून बिचारा चांगला होता, त्याच्याकडे फॉर्मच एका भाषेतला होता.

त्या तीन वर्षांत मी घटना खरी वाचली. कलम ३५०: आपलं गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. वाचून आनंद झाला. मग लक्षात आलं, अर्ज मराठीत द्यायचा हक्क आहे, पण उत्तर मराठीत मिळायचा कुठे लिहिलाय? नाही लिहिलेला. ३५०-अ: प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्याने सोयी कराव्यात. ३५०-ब: भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी, त्याचा अहवाल राष्ट्रपतींकडे आणि तिथून संसदेपुढे. ही दोन्ही कलमं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली, म्हणजे राज्यं भाषेवर तोडताना मागे उरणाऱ्यांची आठवण ठेवली होती. या आयुक्तांचं एक विभागीय कार्यालय तर बेळगावातच होतं.

आणि मग ते १५ टक्के. केंद्राच्या १९५६ च्या निवेदनातून आणि १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेतून एक योजना पुढे आली. जिल्हा, तालुका, नगरपालिका अशा क्षेत्रात एखादा भाषिक गट १५ टक्के किंवा जास्त असेल तर महत्त्वाच्या सूचना, नियम, कायदे त्याच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. जिल्ह्यात ६० टक्के असेल तर ती भाषा तिथे जादा राजभाषा म्हणून मानावी. शाळेत वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे तर १९४९ पासूनचं. आमच्या तालुक्यात मराठी माणूस १५ टक्क्यांच्या कितीतरी वर आहे. मग वडिलांची नोटीस कन्नडमध्येच का आली? कारण ही योजना म्हणजे कायदा नाही. राज्यांनी मान्य केलेली रीत आहे. पाळली नाही तर आयुक्त अहवालात लिहितात. तो अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. पुढे काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

कुणीतरी चिठ्ठीवर विचारलंय, मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याने फरक पडेल का? ३ ऑक्टोबर २०२४ ला मिळाला, आम्ही गावात पेढे वाटले. पण त्याचा संबंध अध्यासनं, संशोधन, पुरस्कार यांच्याशी आहे. नोटिशीची भाषा त्याने बदलत नाही. परीक्षेत ही गल्लत करू नका.

आणखी एक, हे कदाचित आमच्याच काही लोकांना आवडणार नाही. जत आणि अक्कलकोटमध्ये कन्नड बोलणारी माणसं आहेत. तिथल्या म्हाताऱ्याला मराठीत नोटीस आली आणि ती कळली नाही, तर त्याचं नुकसान माझ्या वडिलांएवढंच आहे. १५ टक्के सोलापुरात एक आणि बेळगावात एक असे नसतात. टी.एम.ए. पै खटल्यात २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींनी सांगितलं की अल्पसंख्याक कोण ते राज्य धरून ठरवायचं. म्हणजे मी कर्नाटकात अल्पसंख्याक, जतचा कन्नड माणूस महाराष्ट्रात अल्पसंख्याक, आणि तुम्ही सगळे मध्य प्रदेशात. इंदुरात राजवाड्यासमोर वाढलेल्या मुलाला हे कधी जाणवत नसेल, कारण होळकरांचं गाव. इथे १९१७ मध्ये मराठी साहित्य संमेलन झालं, १९३५ मध्ये झालं. १९४६ चं आमच्या बेळगावात झालं आणि तिथेच संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली. पुढे २००० चं बेळगावला आणि २००१ चं परत इंदूरला. संमेलन भरलं की आपल्याला वाटतं भाषा सुखरूप आहे. पण तुमच्या घरातली आजी बँकेचा फॉर्म कोणाकडून भरून घेते, ते बघा.

तुमच्यातले काही जण तहसीलदार होतील, काही जिल्हाधिकारी. बडवानी, झाबुआ, बुरहानपूर कुठेही नेमणूक होईल. तिथे भिली, निमाडी, मराठी, उर्दू बोलणारी माणसं समोर येतील. त्यांच्यातल्या काही भाषा आठव्या परिशिष्टातही नाहीत. १५ टक्क्यांची रीत पाळायला नवीन कायदा लागत नाही, मंत्रालयाची परवानगी लागत नाही. नोटिशीच्या मागच्या बाजूला चार ओळी त्यांच्या भाषेत छापायला जिल्ह्याच्या प्रमुखाची एक सही पुरते. मुलाखतीत विचारलं, प्रशासनात तुम्ही काय बदलाल, तर हे सांगता येईल. खर्चही विचारतील. कोरी बाजू तशीही कोरीच असते.

ती नोटीस मी आज बरोबर आणलीय. देवाच्या फोटोमागे राहिल्यामुळे एका कोपऱ्याला कुंकू लागलंय. आता मला कन्नड वाचता येतं, तिसऱ्या हेलपाट्यात शिकलो. कोणाला बघायची असेल तर पुढे या. तुमच्यात कोणी कन्नड वाचणारं असेल तर आधी त्याने यावं, खालून तिसऱ्या ओळीतला एक शब्द मला अजून नीट लागलेला नाही.